साताऱ्यात सातारा सापडत नाही

झोपलेल्या माणसाला उठवण्याच्या साधनांचा इतिहास लिहायला घेतला, तर त्यात कोंबडा, गावचा जागल्या, गजराचे घड्याळ, पोस्टाची तार आणि भाषा-मॉडेलच्या देखरेखीतून सुटणारा इशारा, असा क्रम लावावा लागेल. या पाचांपैकी शेवटच्या साधनाविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही. ज्यांना ते समजते त्यांना त्याच्यापायी रात्रभर जागावे लागते आणि दिवसा लिहायला त्यांच्या अंगात त्राण उरत नाही, हे त्यामागचे कारण असावे. प्रस्तुत विवेचन या साधनाचे सातारा-सांगलीच्या संदर्भात स्थान ठरवण्याचा प्रयत्न करते.

भाषा-मॉडेल म्हणजे अफाट मजकूर वाचून ‘यापुढे कोणता शब्द येईल’ याचा अंदाज बांधायला शिकलेली संगणकीय रचना होय. समोरच्याचे वाक्य अर्ध्यावर तोडून ते स्वतःच पूर्ण करणारी माणसे साताऱ्याच्या राजवाड्यावर आणि सांगलीच्या गणपती पेठेत पूर्वीपासून आहेत, त्यामुळे स्थानिक वाचकाला या कल्पनेत नवे काही वाटणार नाही. मॉडेल समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबते, एवढाच काय तो फरक. अशा मॉडेलला प्रश्नोत्तरांच्या कामाला जुंपल्यावर ते चार प्रकारांनी बिघडू शकते: उत्तर उशिरा देते, उत्तर महाग पडते, उत्तर ठामपणे चुकीचे देते, किंवा काल नीट चाललेले आज हळूहळू भलतीकडे झुकू लागते. यांपैकी तिसऱ्या प्रकाराला शास्त्रात ‘भ्रम’ आणि व्यवहारात ‘थाप’ म्हणतात, तर चौथ्याला ‘ड्रिफ्ट’, म्हणजे प्रवाहाबरोबर नकळत वाहत जाणे, असे नाव आहे. या चारही गोष्टी सतत मोजत राहणे म्हणजे देखरेख. मोजमाप ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की जो निरोप सुटतो तो इशारा. आणि तो निरोप आलेखांच्या मदतीवाचून, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून वाचण्याची जी सोय, तिला कमांड लाइन म्हणतात.

या विद्येचे माहेर परदेशी प्रयोगशाळांत असले, तरी तिचा गाभा, म्हणजे मर्यादा कोठे आखावी आणि ती ओलांडल्यावर कोणी काय करावे हा प्रश्न, कृष्णाकाठाला नव्याने शिकवण्याची गरज नाही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला आणि त्याला तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव मिळाले. साहेब मायदेशी गेले, त्यांच्या मागोमाग साम्राज्यही गेले. परंतु दर पावसाळ्यात सांगलीकर या साहेबांचे नाव जितक्या काळजीने घेतात, तितक्या काळजीने ते इंग्लंडात त्यांच्या नातेवाइकांनीही घेतले नसेल. ‘आयर्विनला किती?’ हा तो प्रश्न, आणि त्याचे उत्तर फुटांत. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आहे आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही पुढे गेले होते. संगणकशास्त्र ज्यांना ‘वॉर्निंग’ आणि ‘क्रिटिकल’ म्हणते त्या दोन मर्यादा नेमक्या याच, आणि त्यांच्यासाठी मराठीत शब्द शोधणाऱ्या परिभाषाकारांनी कोशांत डोके खुपसण्यापूर्वी सांगलीच्या मारुती चौकात पाच मिनिटे उभे राहिले असते, तर त्यांचे श्रम वाचले असते.

किचकट एककांचे भय सामान्य माणसाला वाटते, हा समजही याच खोऱ्यात खोटा ठरतो. कोयना धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे; एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, ही दोन्ही मापे मेट्रिक पद्धतीच्या राज्यात फूट धरून बसलेली, जुन्या वळणाची आहेत. तरीही एक लाख क्युसेकचा विसर्ग अखंड चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी खाली जाते, हा हिशेब शाळेत गणिताने छळलेला माणूसही पाटणच्या चहाच्या टपरीवर कप खाली न ठेवता करून दाखवतो. ज्या आकड्यावरून घरातले धान्य माळ्यावर चढवायचे की नाही हे ठरते, तो आकडा माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. भाषा-मॉडेलवर देखरेख ठेवणाऱ्यांच्या पडद्यावर शेकडो आकडे असूनही त्यांतला कोणता पाहून उठायचे हे त्यांना उमगत नाही, याचे रहस्य त्यांच्या घरात पाणी शिरत नाही या गोष्टीत शोधावे लागते.

आज्ञेच्या रचनेच्या दृष्टीनेही ‘आयर्विनला किती?’ हे वाक्य आदर्श मानावे लागेल. कमांड लाइनच्या आज्ञेचे साधारणतः तीन भाग असतात: कोणाला विचारायचे, काय विचारायचे आणि कोणत्या अटीवर. नमस्कार-चमत्कार, हवापाणी आणि घरच्यांची खुशाली यांना तिच्यात जागा नसते. सांगलीकराच्या दोन शब्दांत पहिले दोन भाग पुरते येतात आणि तिसरा, म्हणजे ‘आत्ताचे सांगा’ हा, विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. याउलट ज्याला ‘डॅशबोर्ड’ म्हणतात तो रंगीत फलक म्हणजे लग्नातला रुखवत होय: सारे मांडलेले असते, पाहुणे कौतुकाने पाहून जातात, आणि कामाच्या वेळी त्यातली एकही वस्तू हाताशी लागत नाही. काळ्या पडद्यावरचे उत्तर मात्र तारेच्या जातीचे असते. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे जी भाषा तारेने घडवली, त्या भाषेत ‘कसे’ आणि ‘का’ यांना वाव नसे, फक्त ‘काय’ आणि ‘लगेच निघा’ एवढेच असे. तार आली म्हटल्यावर ती फोडण्याआधीच घरात रडारड सुरू होई, हा त्या माध्यमाचा दोष होता, आणि इशाऱ्याची घंटा वाजताच मजकूर न वाचता ‘आता काय मोडले?’ म्हणणारा अभियंता त्याच परंपरेचा वारस आहे.

या व्यवहारातले शब्द पाण्याशी किती जवळचे आहेत, हेही नोंदवण्यासारखे आहे. यंत्र आपल्या कामाची जी क्रमवार नोंद ठेवते तिला ‘लॉग’ म्हणतात, आणि लॉग म्हणजे मूळ लाकडाचा ओंडका. जुन्या काळी खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकत, ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजून जहाजाचा वेग ठरवत आणि तो वहीत मांडत. त्या ओंडक्यावरून वहीला नाव पडले आणि वहीवरून संगणकातल्या नोंदींना. या नोंदवहीचा शेवट दाखवणाऱ्या आज्ञेचे नाव ‘टेल’, म्हणजे शेपूट. ती न सांगता शेवटच्या दहा ओळी दाखवते, आणि विनंती केल्यास नवी ओळ पडेल तशी दाखवत राहते. म्हणजे वाहत्या पाण्यात टाकलेल्या ओंडक्याचे शेपूट धरून रात्रभर बसणे, हे देखरेखीच्या नोकरीचे शब्दशः वर्णन होय, आणि ते नियुक्तिपत्रात लिहिलेले नसते.

आता मोजायचे काय, हा प्रश्न. उत्तराला लागणारा वेळ मोजताना सरासरी पाहणे हा नवख्यांचा प्रमाद असून जाणकार ‘शतमक’ पाहतात, आणि शतमक समजून घ्यायला लग्नाची पंगत पुरेशी आहे. शंभर पाने मांडली आहेत, पहिल्या साठ पानांवर वाढपी वाऱ्यासारखे फिरतात आणि टोकाच्या पाच पानांवर मसालेभात पोचेपर्यंत वरच्या पंगतीचे ताक पिऊन होते. अशा वेळी यजमान सरासरीचा आधार घेऊन ‘वाढप उत्तम झाले’ असे सांगतो. पंचाण्णव्या पानावर भात किती मिनिटांनी पडला, हे पाहिले म्हणजे ९५वा शतमक मिळतो, आणि यजमानाची झोप उडते. टोकाला बसलेल्यांत बहुधा नवऱ्या मुलाचे मामा असतात, हे सत्य संख्याशास्त्रात सिद्ध झालेले नसले तरी दोन्ही जिल्ह्यांत सर्वमान्य आहे.

इशाऱ्यांची व्यवस्था पाहणाऱ्या साधनांपैकी ‘प्रोमिथियस’ हे एक प्रसिद्ध साधन असून त्याची सुरुवात २०१२ मध्ये झाली. ग्रीक पुराणकथेतल्या ज्या पात्राने देवांच्या घरून अग्नी पळवला त्याचे नाव आग लागल्याची वर्दी देणाऱ्याला द्यावे, ही नामकरणातली गंमत मुद्दाम केलेली असो वा नसो, दाद देण्याजोगी आहे. त्याच्या जोडीला ‘अलर्टमॅनेजर’ नावाचा कारभारी असतो आणि त्या कारभाऱ्याशी काळ्या पडद्यावरून बोलायला ‘अ‍ॅमटूल’ नावाचे साधन असते. या साधनाला ‘सध्या कोणते इशारे पेटलेले आहेत?’ असे विचारले की ते नाव, वेळ आणि चार शब्दांचा सारांश अशा ओळी मांडते, आणि काहीही बिघडलेले नसेल तर शीर्षकाखाली एकही ओळ छापत नाही. प्रश्नाला उत्तर न देणे ही उद्धटपणाची खूण समजणाऱ्या साताऱ्यात हे वागणे खटकण्याची शक्यता असली, तरी त्या मौनाचा अर्थ ‘सारे ठीक’ असा घ्यायचा असतो.

प्रोमिथियस आणि त्याच्या कारभाऱ्याचे नियम मात्र मराठी मनाला ओळखीचे वाटावेत असे आहेत. मर्यादा ओलांडली रे ओलांडली की प्रोमिथियस बोंब मारत नाही. इशारा आधी ‘प्रलंबित’ ठरतो आणि ठरलेली मिनिटे तशीच स्थिती राहिली तरच पेटतो. प्रलंबित या शब्दाचा सरकारी कचेरीतला अर्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे तो पाचदहा मिनिटांत संपतो हे वाचून गहिवरून येईल. दुसरा नियम गटबांधणीचा: एकाच कारणाने उठलेले पन्नास इशारे पन्नास वेळा न पाठवता एका निरोपात बांधायचे, म्हणजेच घरातल्या प्रत्येकाला वेगळी लग्नपत्रिका न देता ‘सहकुटुंब सहपरिवार’ असे लिहून मोकळे व्हायचे. तिसरा नियम दडपणीचा: मोठा इशारा वाजत असताना त्याच्या पोटातले छोटे इशारे गप्प बसवायचे. आयर्विनला ४६ फूट झाल्यावर ‘पाण्याने ४० फुटांची पातळी ओलांडली आहे’ असे सांगत फिरणाऱ्याला सांगलीत जी वागणूक मिळेल, तिचेच हे यांत्रिक रूप होय. चौथा नियम मौनाचा: दुरुस्ती चालू असताना ठरावीक इशारा ठरावीक मुदतीपुरता बंद ठेवता येतो, आणि मुदत संपताच मौन आपोआप सुटते. मौनव्रताला शेवटची तारीख घालण्याची ही पद्धत घराघरांत आली, तर अनेक भावाभावांचे बांधावरचे अबोले मार्गी लागतील.

येथपर्यंत सर्व सुरळीत असते, कारण आकड्यांना व्याकरण नसते. अडचण उभी राहते ती इशाऱ्याचा मजकूर मराठी असतो तेव्हा. अशी कल्पना करावी की एखादे भाषा-मॉडेल लोकांचे मराठी निरोप वाचून त्यांचा सारांश सांगण्याच्या कामावर आहे आणि रात्रपाळीचा अभियंता त्याच्या नोंदींत पुराविषयीचे निरोप शोधतो आहे. त्यासाठी त्याच्या हाताशी ‘ग्रेप’ नावाची आज्ञा असते. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात केन टॉम्पसन यांनी युनिक्स या प्रणालीसाठी तयार केलेली ही आज्ञा दिलेली अक्षरे ज्या ज्या ओळीत सापडतील ती ती ओळ इमानाने पुढे आणून ठेवते. अभियंता ‘पूर’ शोधतो, आणि पडद्यावर ‘कोल्हापूरचे पाहुणे भरपूर जेवले’, ‘पंढरपूरची गाडी पूर्ण भरली’ आणि ‘आरतीला कापूर आणावा’ या ओळी उतरतात. परंतु ‘सांगलीत पुराच्या पाण्याने धोक्याची पातळी ओलांडली’ ही एकमेव कामाची ओळ मात्र येत नाही. कारण मराठीत नामाला विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे ‘सामान्यरूप’ होते. पूर या शब्दातला दीर्घ ऊकार ऱ्हस्व होऊन ‘पुरा-’ उरतो, पाणीचे ‘पाण्या-’ होते, धोकाचे ‘धोक्या-’ होते. म्हणजे पूर, पाणी आणि धोका हे तिन्ही शब्द वेगवेगळे शोधून पाहिले, तरी पुराच्या पाण्याने धोक्याची पातळी ओलांडल्याची वार्ता त्या पहारेकऱ्याच्या नजरेस पडत नाही.

चूक उमगून त्याने ऱ्हस्व ‘पुर’ शोधले, तर पुरात, पुराचे, पुरामुळे हे शब्द हाती लागतात खरे, पण त्यांच्याबरोबर पुरस्कार, पुरावा, पुरवठा आणि पुरणपोळी ही मंडळीही येतात, आणि मूळचा दीर्घ ‘पूर’ निसटतो. शाळेत उकाराच्या चुकीबद्दल अर्धा गुण कापणाऱ्या मास्तरांना त्या काळी जी नावे ठेवली गेली, ती या प्रसंगी परत घ्यावी लागतात. हीच विपरीत अवस्था दोन्ही जिल्ह्यांच्या भूगोलात जागोजागी भेटते. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्याचा शोध घेतला की ‘काही समजत नाही’ आणि ‘कोणी उठत-बसत सांगत होते, पण उमजत नव्हते’ अशा ओळी येतात, कारण समजत आणि उमजत या दोहोंच्या पोटात जत बसलेले आहे. सातारा जिल्ह्यातला माण शोधावा तर माणूस, प्रमाण आणि निर्माण उभे राहतात. वाई शोधली तर कारवाई, हवाई आणि वाईट सापडते. विटा हे गाव म्हणून आले की वीटभट्टीच्या हिशेबातून आले हे यंत्राला उमगत नाही, आणि ‘भिजलेले धान्य वाळवा’ हा सल्ला वाळवा तालुक्याच्या खात्यावर जमा होतो.

या सर्वांत साताऱ्याची स्थिती विशेष करुण आहे. सांगली हा ईकारान्त शब्द असल्यामुळे प्रत्यय लागूनही तो अभंग राहतो: सांगलीत, सांगलीला, सांगलीहून. सातारा हा आकारान्त, त्यामुळे प्रत्यय लागताच त्याचे ‘साताऱ्या-’ होते, आणि ‘सातारा’ ही अक्षरे शोधणाऱ्या आज्ञेला ‘साताऱ्यात’ हा शब्द दिसत नाही. थोडक्यात, सातारा जेव्हा नुसता असतो तेव्हा सापडतो. साताऱ्यात काही घडले, साताऱ्याला कोणी गेले किंवा साताऱ्याहून काही आले, की तो अदृश्य होतो. त्यात आणखी एक गुंता असा की त्यातला अर्धा ‘ऱ’ संगणकात एकाहून अधिक प्रकारांनी लिहिता येतो: कोणी स्वतंत्र ‘ऱ’ या चिन्हाने लिहितो, तर कोणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहितो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणजे एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकाच नावाच्या दोन चुलतभावांप्रमाणे त्यांची ओळख फक्त तलाठ्याला पटते. यावर तोडगा म्हणून नुसते ‘साता’ शोधले, तर सातारा येतो, साताऱ्यात येते, आणि पाठोपाठ ‘सातासमुद्रापार’ही येते. सातारकरांच्या स्वाभिमानाला हा विस्तार मानवेल. देखरेखीच्या कामाला तो उपयोगी नाही.

खर्चाच्या मोजमापातही भाषा आडवी येते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा अनुस्वार, साठवणीच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट जागा घेते, तर रोमन अक्षराला एकच बाइट लागतो. सातारा या शब्दात सहा चिन्हे आहेत, म्हणून तो १८ बाइटांचा. सांगली या शब्दातही सहाच, म्हणून तोही १८ बाइटांचा. दोन्ही जिल्ह्यांत या बाबतीत तंटा उद्भवण्याचे कारण नाही. कोल्हापूर मात्र नऊ चिन्हांचे, २७ बाइटांचे आहे, आणि हे कळल्यावर तिकडच्या मंडळींना आश्चर्य वाटणार नाही, कारण त्यांना ते पूर्वीपासून माहीत असल्यासारखे ते वागतात. भाषा-मॉडेल शब्दांचे तुकडे करून वाचते, तुकड्यांना ‘टोकन’ म्हणतात आणि आकारणी टोकनांवर होते. मराठी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा बहुधा जास्त पडत असल्यामुळे तीच विचारपूस मराठीत महाग पडते. मिरचीचे दर विचारायलाही मातृभाषेचा अधिभार द्यावा लागावा, ही गोष्ट बाजार समितीत कोणी चालू दिली नसती.

ड्रिफ्ट म्हणजे हळूहळू वाहत जाणे, हे वर आलेच आहे. मराठी उत्तरांत ते ओळखण्याची खूण सोपी आहे: मॉडेल ‘इशारा’ सोडून ‘चेतावणी’ म्हणू लागले आणि ‘पाण्याची पातळी’ सोडून ‘जलस्तर’ म्हणू लागले, की ते हिंदीच्या बाजूला सरकले असे समजावे. चेतावणी हा शब्द मराठीत होता, पण त्याचा अर्थ चिथावणी. त्यामुळे ‘पुराची चेतावणी देण्यात आली आहे’ या वाक्याचा जुन्या मराठीत अर्थ, नदीला कोणीतरी भडकवले, असा होतो. ही घसरण आकड्यांत पकडता येत नाही, म्हणून उत्तरे तपासायला दुसरे मॉडेल नेमण्याची रीत पडली आहे. दोन्ही मॉडेले सारख्याच मजकुरावर वाढलेली असल्यास परीक्षेचा निकाल ‘अहो रूपम्, अहो ध्वनी’ या थाटाचा लागतो. वास्तविक ‘पाणी आलंया का न्हाई?’ असे विचारणाऱ्या आजीला ‘आपल्या परिसरातील जलस्तराबाबत माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर गेले, तर तो इशारा पेटण्याजोगा बिघाड आहे. पण उत्तर वेळेत गेले, स्वस्तात गेले आणि व्याकरणात बसले, म्हणून पडदा शांत राहतो.

फार इशारे आले की माणूस बधिर होतो, हे कोयनाकाठाला संगणकाच्या पुष्कळ आधी ठाऊक झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला, त्यात सुमारे १८० माणसे गेली. त्यानंतरही त्या पट्ट्यात लहानमोठे धक्के बसतच राहिले. यंत्रे त्यांतला बारीकसारीक हादराही टिपतात; केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची कराडची प्रयोगशाळा त्यासाठी जमिनीत सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन अभ्यास करते. रहिवाशांनी मात्र आपली मर्यादा मांडणीवरच्या भांड्यांवर आखलेली आहे. भांडी वाजली नाहीत तर कूस बदलायची, वाजली तर उठून बसायचे, पडली तर अंगणात यायचे. तीन पातळ्या, तीन कृती, आणि प्रत्येक पातळीला एकच कृती: देखरेखीच्या पाठ्यपुस्तकाला यात भर घालण्याजोगे काही नाही. २०२३ मध्ये देशभर मोबाइलवर आपत्ती-इशाऱ्याच्या चाचण्या झाल्या आणि फोन अचानक कर्कश खणखणले, तेव्हा पहिल्या खेपेला लोक दचकले, दुसऱ्या खेपेला त्यांनी पडद्याचे छायाचित्र घरच्या ग्रुपवर टाकले आणि त्यापुढच्या खेपेला फोन उशाखाली सरकवला. पहिल्या व तिसऱ्या खेपेमधले अंतर कमी करायचे नाही, एवढीच काळजी इशारा पाठवणाऱ्याने घ्यायची असते.

उलट बाजूचा धोका शांततेचा. पडद्यावर काही येत नाही याचा अर्थ सारे ठीक असाही होतो आणि मोजणारे यंत्रच बंद पडले असाही होतो. जुन्या गावगाड्यात जागल्या रात्री काठी आपटत आणि हाळी देत फिरे. ती हाळी ऐकू येत असताना गाव निर्धास्त झोपे आणि ती थांबली की म्हाताऱ्यांना जाग येई. संगणकवाल्यांनी याच तत्त्वावर सदैव पेटलेला असा एक खोटा इशारा बेतला आहे, ज्याचे विझणे हीच धोक्याची खूण मानली जाते. त्याला ते ‘वॉचडॉग’, म्हणजे राखणीचा कुत्रा म्हणतात. बलुत्यात धान्य घेऊन हे काम करणाऱ्या माणसाचे नाव देण्याऐवजी कुत्र्याचे नाव दिले गेले, याची नोंद समाजशास्त्रज्ञांनी घ्यावी.

शेवटचा मुद्दा कारणाचा. कृष्णा आणि कोयना या दोन्ही महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, कराडला प्रीतिसंगमावर एकमेकींना भेटतात, सांगलीजवळ हरिपूरला वारणा त्यांत मिळते, आणि इशारा वाजतो तो सांगलीत. पाऊस साताऱ्यात पडतो, आकडा सांगलीत चढतो आणि भांडण खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाशी सुरू होते. भाषा-मॉडेलच्या बिघाडातही हाच नकाशा असतो: वाजते ती उत्तराची जागा, बिघडलेली असते ती वरच्या अंगाला शिकवणीची जागा, आणि दोष दिला जातो तो खालच्या अंगाला असलेल्या वापरणाऱ्याला, ‘प्रश्न नीट विचारला नाही’ म्हणून. काळ्या पडद्यावरची ओळ दुखते कोठे एवढेच सांगते. दुखणे कशामुळे, हे पाहायला नदीच्या काठाकाठाने उलट दिशेने चालत जावे लागते.

म्हणून मराठी भाषा-मॉडेलवर पहारा बसवणाऱ्यांना एवढीच विनंती करणे उचित ठरेल की त्यांनी आपले साधन कामावर घेण्यापूर्वी त्याच्यापुढे तीन शब्द ठेवून पाहावेत: साताऱ्यात, पुराचे आणि धोक्याची. सातारा, पूर आणि धोका एवढेच टंकल्यावर त्याला हे तिन्ही सापडले, तर ते मराठीच्या राखणीला लायक आहे. न सापडल्यास त्याला शाळेच्या मराठी व्याकरणातले सामान्यरूपाचे प्रकरण आधी शिकवावे, आणि ते शिकून होईपर्यंत, निदान जून ते सप्टेंबर या काळात, सांगलीच्या माणसाला फोन करून ‘आयर्विनला किती?’ असे विचारावे.